खडकावरची रेघ

आई, सून आत्ताच पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन ओढ्यावर उतरली. रविवारपासून कणसांच्या टपरीवर ती बसणार. माझे गुडघे आता ती चढ-उतर करू देत नाहीत. जाताना उंबऱ्यात थांबून तिनं विचारलं, "आत्याबाई, औंदा रेघ कुटं वढू?" मी म्हटलं, "हो म्होरं, सांगते हितनंच." आणि सांगायचं सोडून तुला लिहायला बसले. तुला जाऊन वीस वर्षं होत आली. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते तूच सांग बाई. पण रेघ तुझी आहे, म्हणून आधी तुझ्याशी बोलते.

ओढ्याच्या मधोमध तो म्हशीच्या पाठीसारखा खडक आहे ना, अजून तिथंच आहे. मृगाआधी ओढा कोरडा असताना तू घमेल्यात चुना कालवायचीस, काथ्याचा कुंचला घ्यायचीस आणि खडकाच्या पोटावर हातभर लांब रेघ ओढायचीस. पुढं पावसाळाभर शेगडीवर कणसं भाजताना तुझा एक डोळा निखाऱ्यावर आणि एक रेघेवर. पाणी रेघेला टेकलं की हातातलं कणीस जळो नाहीतर राहो, तू उलथन्यानं परात बडवायला लागायचीस. पाण्यात बसलेली शहरातली माणसं हसायची. "मावशी, एवढ्याशा पाण्याला घाबरता?" तू म्हणायचीस, "पान्याला न्हाई भीत, तुमालाच भिते. उटा, भाईर या!" नागफणीच्या सुळक्याकडं झड दिसली की दोन चहा उकळेपर्यंत पाणी आपल्यापाशी येतं, हे तुझं गणित. ते कधी चुकलेलं मला आठवत नाही. आपल्या ओढ्यात तुझ्या हयातीत माणूस गेलं नाही.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. श्रावणात उघडीप पडली आहे, रेघ वाहून गेली आहे आणि तू मला कुंचला देऊन पाठवतेस. खडकाला खालच्या अंगानं शेवाळ, पाय ठरत नाही. मी अलीकडच्या दगडावरूनच हात लांब करते आणि वीतभर वर रेघ ओढून मोकळी होते. वीतभरानं काय होतंय! संध्याकाळी तू बघितलंस. मला वाटलं, आता बसतोय पाठीत धपाटा. पण तू माझं मनगट धरून मला खडकापाशी नेलंस, ओल्या पदरानं रेघ पुसलीस आणि म्हणालीस, "वीतभर वर रेघ म्हंजी एक मानूस खाली. कळलं का? आता वढ." मी रडत रडत ओढली. त्यानंतर कधी चुकवली नाही. चुना गेला, ऑइलपेंट आला, तरी जागा तीच ठेवली.

तू होतीस तोवर ओढ्याच्या वरचं, डोंगरावरचं आपलं रान कुणाला देऊ दिलं नाहीस. दलाल आला की त्याला चहा पाजायचीस आणि "डोंगराच्या अंगावरचं कापड फेडायचं न्हाई, बाबा" म्हणून वाटेला लावायचीस. तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी दादानं आणि मी सह्या केल्या. पहिली सही माझी, खोटं कशाला बोलू. वाटलं, कारवी नि दगडांचं रान, त्यात पिकत होतं तरी काय? मग जेसीबी आले. कारवी गेली, आंबा गेला, उतार कापून पायऱ्या झाल्या, पायऱ्यांवर बंगले, बंगल्यांपुढं पोहायचे हौद आणि हौदापर्यंत काँक्रीटचा रस्ता. त्या रानात पाऊस आधी मुरायचा, गवतातून पाझरत निवांत खाली यायचा. आता त्याला थांबायला जागाच नाही. काँक्रीटवरून घसरतो तो थेट आपल्या ओढ्यात.

आणि पाऊस तरी तुझ्या वेळचा कुठं राहिलाय? तुझ्या वेळी आठ-आठ दिवस झड लागायची, चुलीवर कपडे वाळवावे लागायचे, जीव कावायचा. पण भीती नव्हती गं. आता आठवडाभर कडकडीत ऊन आणि मग एका दुपारी कुणीतरी वरून पिंप उपडं केल्यासारखा कोसळतो. आपल्याकडं कोसळेल, नाहीतर डोंगराच्या एकाच कुशीत, आपल्याकडं थेंब नाही. टीव्हीवर सांगतात, समुद्र तापलाय, हवेत ओल जास्त मावते, म्हणून पडतो तो एकदम पडतो. खरं असेल. पण वरचं रान काही समुद्रानं विकलं नाही.

गेल्या आषाढात पुण्याहून एक तरुण जोडपं आलं होतं, बरोबर त्यातल्या मुलाची आई. सत्तरीच्या असतील. डोक्यावरून पदर, तुझ्यासारखाच. ऊन पडलं होतं, नागफणी स्वच्छ दिसत होती. पाणी रेघेच्या चांगलं हातभर खाली. मुलानं विचारलं, "मावशी, पाणी वाढणार नाही ना?" मी कणसाला लिंबू चोळत म्हटलं, "ती पांढरी रेघ दिसते का? तितवर आलं तर मी परात वाजवते. माज्या आईची रेघ हाय ती, आजवर खोटी ठरली न्हाई. बसा बिनघोर." किती तोऱ्यात म्हणाले मी! जोडपं पाण्यात उतरलं. आजी काठावर होत्या, त्याही थोड्या वेळानं खाली येऊन दगडावर टेकल्या.

मी तीन कणसं भाजायला ठेवली. एक बाजू भाजून झाली, दुसरीवर फिरवली आणि वरून आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा करतात ना, तसा. मान वर केली तर पाणी लाल, मुरुमाचं. रेघेला टेकलं नाही गं ते. टेकलंच नाही. आत्ता रेघ होती, आता खडकसुद्धा नव्हता. मी परात बडवली, पण कुणासाठी? दोर फेकला, शेजारच्या चहावाल्यानं माझी कंबर धरली. आधी आजींच्या सुनेच्या हाताला दोर लागला, मग मुलाच्या. दोघांना ओढून काढलं. आजी दुसऱ्या दिवशी खाली बंधाऱ्यापाशी सापडल्या.

पुढचं ऐक. ग्रामपंचायतीनं माझा सत्कार केला. शाल, नारळ, हार. "दोन जीव वाचवले मावशींनी," असं माईकवर सांगितलं, टाळ्या वाजल्या. तो मुलगा स्वतः आला होता, माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले, तर लोकांना वाटलं, बाई किती साधी! शाल ट्रंकेत घडी करून ठेवली आहे. थंडीत सुनेनं काढून अंगावर घातली तर मी तिच्यावर अशी ओरडले की बिचारीनं ती तिथंच काढून टाकली.

तेव्हापासून मला भीती वाटते, आई. पावसाची वाटते, उन्हाची त्याहून जास्त वाटते. आभाळ निळं असलं की कान डोंगराकडं लागतात. नळाला जोरात पाणी आलं तरी दचकते. आणि सगळ्यात जास्त भीती रेघेची वाटते. तू ती लोकांना बाहेर काढायला ओढत होतीस, आता तीच बघून लोक आत उतरतात. "रेघेच्या खाली आहे, चला." मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. वीतभर खाली ओढू? हातभर? खडकाच्या बुडाशी ओढली तरी ते पाणी तिला विचारणार नाही. पुसूनच टाकावी म्हटलं, तर मेला हात उठत नाही. रंगाच्या पुटांखाली कुठंतरी तुझा हात आहे.

आता सून तिथं बसणार. तोंडानं गोड आहे, माणसांना आपलंसं करते, माझ्यासारखीच. रेघ असली की तीही बोट दाखवणार, तीही म्हणणार, बसा बिनघोर. आणि मग एखाद्या दिवशी तिलाही शाल मिळेल. तिला म्हणायला पाहिजे, रेघ वढू नको, टपरी वर रस्त्यावर ने, पाण्यात कुणाला उतरूच देऊ नको. ती म्हणेल, "का वो, आत्याबाई? इतकी वर्सं चाललंय की." मग खरं सांगावं लागेल. जे त्या आजींच्या मुलाला सांगितलं नाही, पंचायतीत सांगितलं नाही, दादालाही नाही.

आजी पाण्यात उतरत नव्हत्या, आई. त्या म्हणत होत्या, "मला नको बाई, भीती वाटते." मीच हसून म्हटलं, "येवढ्या लांबनं आलायसा आजी, पाय तरी बुडवा. रेघ बगा की, कुटं हाय पानी अजून!" हात धरून दगडावर मीच बसवलं त्यांना. मनगट अगदी तुझ्यासारखं होतं, हाडं लागत होती.

सून खालून हाक मारते आहे. "आत्याबाई, जुन्याच जागी वढू का वो?" मी खिडकीतून ओरडले, "थांब, आले!" त्याला बराच वेळ झाला. तिनं आत्ता पुन्हा हाक मारली, आणि मी अजून उठलेली नाही.