पेटीवाल्या आबांची हलगी

आबा,

तुमच्यावर डॉक्युमेंटरी काढतायत. पळसदेवचा हलगी वाजवणारा पोरगा बारामती-इंदापुरात पेटीवर गाणारा जलसाकार कसा झाला, अशी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता लोकांना जाग आली. ती काढणारी पोरं गुणी आहेत, पण तुम्ही प्रसिद्धीसाठी बाज बदलला असं लिहून आणलं होतं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, प्रसिद्धी गेली चुलीत. गावात कुणी मेलं की पुढं हलगी वाजवत चालायचं, लग्नात वाजवून लांब बसायचं आणि पंगत उठल्यावर उरलंसुरलं खायचं, हे आमच्या वाट्याला लावून दिलेलं काम होतं. बौद्ध झाल्यावर माझ्या बापानं आपल्या हातानं हलगीचं कातडं फाडलं आणि पेटी शिकायला घेतली.

पेटी तुम्हाला शोभायची. सोमेश्वरनगरला कारखान्याच्या पटांगणात तुम्ही गायचात, ऊसतोडीच्या बाया पोरं मांडीवर घेऊन ऐकायच्या, आणि मी पुढं बसून ऐटीत मान डोलवायचे. पण घरी? आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकलाय, आणि तुमची बोटं पालथ्या पातेल्यावर चालू झालीत. आई हसायची. "गायक झालासा, पन बोटांना कुनी सांगितलंच न्हाय जनू." तुम्ही लगेच हात मांडीखाली घ्यायचात. एकदा मी तोच ठेका डब्यावर धरला, तर डबा हिसकावलात. "हे आपल्या घरात वाजायचं न्हाय. तुला कुनाच्या दारात उभं ऱ्हायाचं हाय का?" मी रुसून जेवले नाही. मग तुम्हीच भरवलंत, डबा मात्र दिला नाहीत.

आता पोरं मला म्हणतात, "सुरुवात हलगीनं करू, आणि ती का सुटली ते तुमच्याच तोंडून सांगा. तुम्ही घरचे, तुम्ही नको म्हणालात तर नाही वाजवणार." आबा, हल्ली जयंतीला आपल्याच पोरी हलगी वाजवतात, मान वर करून, स्वतःच्या हौशीनं. तुम्ही ते पाहायला हवं होतं. तरी तुम्ही नकोच म्हणाला असता, मला काय तुमचा स्वभाव ठाऊक नाही? आज फार आठवण आली. तुम्हाला विचारावं म्हणून लिहायला बसले. पण खरं सांगते, त्यांना सकाळीच फोन करून हो म्हटलंय.