शेरा: आहार उत्तम

३ नोव्हेंबर, सोमवार
बायांच्या पोषण सर्वेक्षणात आपली निवड! हसनाबादच्या शाळेत सहा मास्तर, पण साहेबांनी बराबर मलाच हेरलं. बारा प्रश्न. आठवड्यात दूध किती वेळा, डाळ किती वेळा, पालेभाजी किती वेळा. माणसाचं सगळं खाणं पाच मिनिटांत कागदावर. संकल्प: रोज पंधरा घरं.

५ नोव्हेंबर
चार झाली. ऊन फार. बाया लाजतात, मंग घरच्या कारभाऱ्यालाच विचारतो. रामराव म्हणले, आमच्या बाया रोज दूध पितात. दाराआड त्यांच्या उषाबाई हसल्या. कशाला, काय की. 'रोज' लिहिलं.

७ नोव्हेंबर
आपलं घरही यादीत. दैवशाला भाकरी करत होती, कशाला त्रास द्या. बायकोचा फॉर्म मीच भरला. मला दोन वाट्या डाळ असते, म्हंजे तिलाही असणारच. शेरा: आहार उत्तम. हल्ली हापशावरून येताना दोनदा खाली बसती. थंडीमुळं.

८ नोव्हेंबर
घरच्या डब्यातले खडू कमी होऊन राह्यलेत. चाळीस होते, सव्वीस उरले. उंदीर! दैवशालाला म्हणलं, तर मान खाली घालून म्हणली, असंल. खडू खाणारा उंदीर! काय जमाना आला.

१० नोव्हेंबर
एकवीस. आता बास! भोकरदनहून उंदराचं औषध आणलं, खडूंना चोळून डबा जागेवर ठेवला. तिला सांगणार तेवढ्यात साहेबांचा फोन. सांगायचं राह्यलं. उद्या.

११ नोव्हेंबर, सकाळी ८
राह्यलेले फॉर्म अंदाजानं भरले. अनुभव असला की जमतं. डब्यात अठरा. उंदीर मेला म्हणून समजा. दैवशाला अजून उठली न्हाई. झोपू दे.

११ नोव्हेंबर, दुपारी
जालना, दवाखाना. उठवायला गेलो तर तिच्या ओठाला पांढरं लागलेलं होतं. तसंच गाडीत घालून आणलं, खडूंना औषध चोळल्याचं इथं सांगितलं.
डॉक्टरीणबाई म्हणल्या, अंगात रक्तच न्हाई, अशा बाया खडू-माती खातात. ह्या रोज जेवतात काय? मी धडाधड सांगितलं. दूध रोज, डाळ रोज. त्यांनी विचारलं, तुम्ही जेवताना बघितलंय का?
आधी मी जेवतो, मंग माय. ती शेवटी, भांड्यात उरंल ते. तवर मी आडवा झालेला असतो. बारा वर्षं झाली लग्नाला. भीती वाटून राह्यली.
मंग त्यांनी विचारलं, औषधाचे खडू किती खाल्ले?
तेवढं एकच मला पक्कं माहीत होतं. तीन.