डावी गिरकी

रत्नागिरी,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. मृणाली,

अनेक आशीर्वाद. आत्याचं पत्र बघून तुला आधी वाटेल, की कुणाला काही झालं की काय. काही झालेलं नाही, सगळे धडधाकट आहेत. तुझा बाबा, आमचा नितेश, बर्फाच्या कारखान्यातून येताना अख्ख्या मिरकरवाडा बंदराचा वास घेऊन येतो आणि वहिनी अजून त्याला दारातच थांबवते. बांगडा इतका आलाय की शेजारच्या यमुनाबाईंनी आठवड्यात तीनदा आणून दिला. चौथ्यांदा मी दारच उघडलं नाही.

दापोलीला थंडी चांगलीच पडली असेल. होस्टेलचं जेवण विचारलं तरी तू "बरं आहे" म्हणतेस आणि अभ्यास विचारला तरी "बरं आहे". म्हणून पत्र लिहायला बसले. शिवाय फोनवर मुद्द्याच्या जवळ आले की मी माशांवर घसरते, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

स्केटिंगचा क्लास चालू आहे. बावीस मुलं आहेत. त्यांचे पालक अजून विचारतात, "बाई, बर्फावर कधी नेणार?" मी सांगते, रत्नागिरीत बर्फ माशांसाठी असतो, तुमच्या पोरांना चाकांवरच भागवावं लागेल.

मागच्या सोमवारी नितेश तुझे स्केट्स घेऊन आला. तू म्हणालीस म्हणे, कुणाला होत असतील तर देऊन टाका. मी बरं म्हटलं. तो गेल्यावर ते मांडीवर घेऊन बसले. उजव्या पायाची चाकं पार झिजलीत आणि डाव्याची तितकी नाहीत. कोणी अनोळखी माणसाने बघितलं असतं तर म्हणाला असता, पोर उजव्या पायावर, उजवीकडे गिरकी घेणारी दिसते. तू तशी नव्हतीस गो.

तुला पहिला दिवस आठवत नसेल. आठ वर्षांची होतीस. बाकीची पोरं पट्टे बांधून घेत होती आणि तू मोज्यांवरच फरशीवर गिरक्या घेत होतीस, डावीकडे, एका जागी, खुंटा ठोकल्यासारखी. मी ओरडले, "अगो, उलटी कसली फिरतेस? देवाभोवती अशी फिरतेस काय?" प्रदक्षिणा उजवीकडे, तर गिरकीही उजवीकडे. एवढंच माझं शास्त्र. दहा दिवसांचा एक कोर्स आणि फोनवरचे व्हिडिओ यांवर मी शिक्षिका झाले होते, आणि व्हिडिओतल्या बहुतेक मुली डावीकडे फिरतात हे मला दिसत असूनही मी बघितलं नाही. तुझे खांदे धरून मी तुला उजवीकडे वळवलं. तू लगेच ऐकलंस. तू सगळंच ऐकायचीस.

डावखुऱ्या पोरांना उजव्या हाताने लिहायला लावणाऱ्या आयांना मी शिकवते त्या शाळेत झापते. आणि तुला वळवणारीही मीच.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं चूक नाही.

तुझी नववी झाली तेव्हाचं पुण्यातलं स्केटिंगचं शिबिर आठव. तिथे शिकवणाऱ्या देवस्थळी मॅडमनी तुम्हाला डोळे मिटून उडी मारून वळायला लावलं होतं. तू तिन्ही वेळा डावीकडे वळलीस. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ही मुलगी डावी आहे. उजवीकडे हिची गिरकी कधीच मध्य धरणार नाही, सरकतच राहणार. बाजू बदला. वर्षभर स्पर्धा विसरा." मी मान डोलावली. बसमध्ये तू विचारलंस, "आत्या, काय म्हणाल्या गो त्या?" मी म्हटलं, हात उशिरा जवळ घेतेस म्हणाल्या.

मग आल्यावर आपण हात सुधारले. हात झाले, मग गुडघा झाला, मग नजर झाली, खाली बघू नकोस, समोर बघ. खडूने रिंगण आखून त्यातून बाहेर गेलीस की परत, असं दीड-दीड तास. वडापाव बंद केला तुझा. तू विचारायचीस, "आता बरोबर झालं?" आणि मी म्हणायचे, थोडं राहिलंय. दोन वर्षं मी तुला थोडं राहिलंय म्हटलं. काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं.

राज्य स्पर्धेत तू तिसऱ्या फेऱ्याला सरकायला लागलीस आणि कठड्यावर आदळलीस. सगळ्यांदेखत मी म्हटलं, "हिच्या अंगातच नाही, मी तरी काय करू." तू खाली बसून नाड्या सोडल्यास, नीट गुंडाळल्यास, आणि परत कधी बांधल्या नाहीस. तुला वाटलं मी खरं बोलले. मी खोटं बोलले, मृणाली. स्वतःला वाचवायला बोलले.

अजून एक आहे, आणि ते लिहायला मला दुपारपासून संध्याकाळ झाली. मॅडम नुसतं बाजू बदला म्हणाल्या नव्हत्या. "हिला वर्षभर माझ्याकडे ठेवा, माझ्या घरी राहील, मी शिकवते," असंही म्हणाल्या होत्या. मी ते नितेशला सांगितलं नाही, तुलाही नाही. माझ्या क्लासमध्ये नाव घेण्यासारखी तू एकटीच होतीस. तू गेली असतीस तर तिकडे सुधारली असतीस, आणि इथे मी काय शिकवत होते ते साऱ्या गावाला कळलं असतं.

परवा नितेशला बोलावून सगळं सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरीला सांगितलंस काय?" मी म्हटलं, नाय. "मग माझ्याकडं काय बोलतेस, ताय? तिला सांग," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. त्याने मला इतक्या हळू आवाजात काही ऐकवल्याचं आठवत नाही.

काल मॅडमना फोन लावला. मी नाव सांगितलं, त्यांना आठवेना. रत्नागिरी म्हटल्यावर म्हणाल्या, "हां, ती डावी मुलगी. कशी आहे ती?" मग सांगितलं सगळं. त्या स्पष्ट बोलल्या. स्पर्धेतली चांगली वर्षं गेली, ती परत आणता येणार नाहीत. पण सुट्टीत महिनाभर यायची तयारी असेल तर त्या तुला पहिल्यापासून उभी करतील. पत्ता आणि नंबर पाठीमागे लिहिलाय. तुझा नंबर मी त्यांना दिलेला नाही. तुझ्या वतीने माझं पुष्कळ ठरवून झालंय.

तू जाशील की नाही, मला माहीत नाही. नाही गेलीस तरी तुझ्यात काही कमी आहे असं कुणी म्हणू नये, तूही म्हणू नयेस.

मला माफ केलंस की नाही ते कळवू नकोस. तू मोठ्या मनाने हो म्हणशील आणि मी लगेच ते खरं मानून मोकळी होईन. उत्तर लिहावंसं वाटलं तर मॅडमना लिही. मला तुझं पत्र नाही आलं, तर ते बरोबरच आहे असं मी समजेन.

तुझी अपराधी,
राजश्रीआत्या