बन्सीलालच्या कार्टूनचा निकाल

पाचोरा,
चैत्र वद्य, १९९६

श्री. झुलालनाना, मुक्काम धुळे, यांना त्यांचे व्याही आधार मास्तर यांचा रामराम. साष्टांग घालणार होतो, पण गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्यावा.

नाना, तुमचं ब्लडप्रेशर आणि विहिणबाईंची कंबर कशी आहे? आमचा भटू (आता तुमचाच म्हणायचा, तुमच्याच गल्लीत राहतो) सुखात असेलच. मी आहे. भटूची आई झुंबर गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो, त्यामुळे भूक आपोआप आटोक्यात आली. यंदाची अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, तिच्या माघारी पहिलीच. भटूला पत्रं टाकली, उत्तर नाही. टपालखात्यात हल्ली फार गोंधळ आहे म्हणतात.

पण पत्राचं कारण ते नाही. गल्लीने मला परीक्षक नेमलं, त्याची हकिगत सांगायची आहे. आमचा केबलवाला बन्सीलाल छत्रीवरून एक परदेशी कार्टून टेप करतो आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी लावतो. कार्टून म्हणजे ससे-उंदीर नव्हेत. त्यात एक मूर्ख बाप आहे, नगराध्यक्ष चोर आहे, मास्तर वर्गात झोपतो (हे कुठेही खरंच), आणि सगळ्यांची यथेच्छ टर उडवलेली असते. आता इंग्रजी कुणाच्या बापाला कळतंय? म्हणून बन्सीलालने खाजा टेलरला माइकसमोर बसवलं. खाजा कुवेतला राहून आलेला, तिथे शिवता शिवता इंग्रजी शिकला. जेवढं कळतं तेवढं तो आपल्या अहिराणीत सांगतो आणि जे कळत नाही तिथे स्वतःचं घुसडतो. घुसडायला माल दुकानातच मिळतो. माप द्यायला आलेला माणूस हात वर करून उभा राहिला की त्याचं तोंड सुटतं, हा माझाही अनुभव आहे.

झालं असं की, महिन्याभरात ज्याला त्याला कार्टूनमध्ये आपलंच तोंड दिसू लागलं. कार्टूनमधला टकला, कवडीचुंबक दुकानदार म्हणजे मीच, अशी भाईदासशेठने तक्रार केली (तोवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं). शेवंताबाईंची तक्रार निराळी, सगळे आहेत आणि मीच का नाही? शेवटी, वायर तोडायची की ठेवायची, ते एक भाग बघून मास्तरांनी ठरवावं, असं ठरलं. मी जन्मभर चित्रकला शिकवली आणि कुणाला धड पास केलं नाही, एवढीच माझी लायकी.

मारुतीच्या पारावर टीव्ही मांडला. मला एकट्याला खुर्ची. मीही वहीत गुण मांडायला घेतले : हाताला चारच बोटं, दहापैकी तीन. मग एक म्हातारा आला. बनियनवर, घराच्या पायरीवर बसलेला. बस आली की उठायचा, कुणी उतरलं नाही की बसायचा. आणि माइकवरून खाजा म्हणाला, “मना पोऱ्या धुयाले शे. काममा शे. आखाजीले येई.”

नाना, त्या परदेशात धुळं कुठून येणार? सगळा पार हसला आणि हसता हसता मधेच थांबला. सगळी मुंडकी माझ्याकडे वळली. कारण मुलगा धुळ्याला आहे, कामात आहे, आखाजीला येईल, हे वाक्य माझं आहे. खाजाच्या दुकानात मी ते रोज बोलतो. खाजालाही ते तोंडातून निघून गेल्यावरच कळलं असावं. माइकवर हळूच आलं, “चुकनू मास्तर.” मग त्याने माइक बंद केला. म्हातारा पुढचं सगळं इंग्रजीतच उठत-बसत राहिला. मला फार वाईट वाटलं, नाना. रडू आलं असतं, पण परीक्षकाला ते शोभत नाही.

निकाल मी तिथल्या तिथे दिला. या कार्टूनचा आपल्या गल्लीशी काडीचाही संबंध नाही, सबब ते चालू ठेवावं. भाईदासशेठ तणतणले, “मंग तो टकल्या कोन शे?” म्हटलं, परदेशी आहे. बंद करा म्हणालो असतो, तर तो म्हातारा कोण, तेही गल्लीने ठरवून टाकलं असतं.

विहिणबाईंना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

आपला,
आधार

ता. क. : लेक आखाजीला माहेरी हवी, हे मला समजतं. पण तुमच्याकडे जावईही बारा महिने माहेरीच असतो, म्हणून लिहितो. आखाजीला पितरांची घागर भरतात, त्याच्या आईची ही पहिली आहे. ती लेकाच्या हातून भरावी. लोक म्हणतात नवऱ्याने भरली तरी चालते, पण तिला चालणार नाही, ती दाराकडेच बघत बसेल. सकाळच्या गाडीने येऊन, विस्तवावर आईच्या नावाचा घास, आघारी टाकून, संध्याकाळी परत गेला तरी माझी हरकत नाही. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका, तुम्हालाच सुचलं म्हणा.

ता. क. दुसरा : काल खाजा खाली मान घालून घरी आला होता. पुढच्या भागात म्हणे बसमधून एक माणूस उतरून त्या म्हाताऱ्याकडे येतो. तो आहे झाडू विकणारा. पण इंग्रजी कुणाला कळतंय? खाजा म्हणाला, “तुम्ही सांगा मास्तर, त्याले पोऱ्या करी टाकस.” मी म्हटलं, थांब जरा, धुळ्याचं उत्तर येऊ दे.