नोटरीविरुद्ध माझी मोहीम

१ सप्टेंबर, रविवार. आखाड्यातून आल्या आल्या.

आज अन्याय झाला. शांत डोक्याने लिहितोय. (डोकं शांत नाही.)

गाविलानची कुस्ती लागलीच नाही. प्रमोटर उर्बिना साहेबांनी माइकवर जाहीर केलं, गुडघा दुखावलाय, काही आठवडे विश्रांती. गाविलान म्हणजे ससाणा. आमच्या पुएब्ला शहरात दोरावरून त्याच्यासारखी झेप घेणारा दुसरा पैलवान नाही. त्याच्या नावाची पहिली पाटी मीच रंगवली होती, तेव्हा त्याला धड मिशीसुद्धा नव्हती.

आणि मेन इव्हेंटला त्याच्या जागी कोण? एक नवा, मुखवटेवाला. काळा मुखवटा, त्याच्या हनुवटीखाली पांढरी कॉलर आणि टाय शिवलेला. हातात बॅग. नाव काय, तर ‘नोटरी’. समोरच्याला आडवा करतो, बॅगेतून रबरी शिक्का काढतो आणि त्याच्या कपाळावर जांभळा ठसा मारतो, ‘मंजूर’. ही काय कुस्ती? ही कचेरी झाली.

चोनाबाई उभी राहून टाळ्या पिटत होती. आखाड्याच्या दारात कणसं उकडून विकते आणि आत येऊन दांडग्यांच्या, म्हणजे खलनायक पैलवानांच्या, बाजूने ओरडते, दोन्हींचा आवाज एकच. मी म्हटलं, बाई, आल्या दिवशी मेन इव्हेंट? आमच्या गाविलानच्या टाचा झिजल्या तिथवर पोचायला. तर म्हणाली, सेले, जरा नीट बघ रे त्याच्याकडे, चष्मा पूस. म्हटलं, पाट्या रंगवणाऱ्याला नजर शिकवू नकोस.

मग उर्बिना साहेब येऊन तिला विचारतात, कसा वाटला नवा गडी? तिला! मी शेजारीच बसलो होतो. खोकलोसुद्धा. मला नाही विचारलं.

संकल्प: हा पुश, नवख्याला असं वर चढवणं, मी बंद पाडणार. हुर्योच्या शिट्ट्या मारून.

३ सप्टेंबर, मंगळवार

आखाड्याची भिंत रंगवली. मेन इव्हेंटचं नाव सगळ्यात मोठं लिहायचं असतं. नोटरीचं लिहिलं मोठंच, पण अक्षरं मुद्दाम अशक्त काढली. जाणकाराला कळेल.

दुपारी माझ्या बायकोने, ओब्दुलियाने, अक्रोडाच्या रश्शातल्या भरल्या मिरच्या केल्या होत्या. गुडघ्याला बळ येईल म्हणून डबा घेऊन गाविलानकडे गेलो. घरी नव्हता. त्याची आई म्हणाली, व्यायामाला गेलाय, जोरात चाललंय हल्ली. गुडघा दुखत असताना जोरात व्यायाम! याला म्हणतात निष्ठा. परत येताना मिरच्या मीच खाल्ल्या. ओब्दुलियाला सांगितलं, त्याला फार आवडल्या.

८ सप्टेंबर, रविवार

मोहीम सुरू. नोटरी आत येताच दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की शेजारच्या बाईचं पोर रडायला लागलं. मग आमची रांग, मग मागची, मग वरचा सगळा सज्जा. इतक्या शिट्ट्या या आखाड्यात वर्षानुवर्षं झाल्या नसतील. आमच्याकडे पैलवानाला याहून वाईट काही ऐकवता येत नाही.

नोटरी बिथरला. दोराखालून बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्या कपाळावर शिक्का मारला! दुसऱ्यांना धाडकन मारतो, मला हळूच मारला. घाबरला असणार.

निघताना उर्बिना साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, मास्तर, असेच येत जा. विरोधकाचा मान राखणारा माणूस आहे.

ठसा साबणाने जात नाही. ओब्दुलिया म्हणते, राहू दे, म्हाताऱ्या, इतक्या वर्षांत तुला कुणीतरी मंजूर केलं.

११ सप्टेंबर, बुधवार

कणसाच्या गाडीवर वाद. चोनाबाईचं म्हणणं, दांडग्याला शिट्ट्या पडणं हीच त्याची मजुरी. लोक त्याला हरताना बघायलाच तिकीट काढतात. तू जितका बोंबलशील, सेले, तितका तो वर जाणार.

मी म्हटलं, बाई, बुकिंगमधलं, कुणाला कुठली कुस्ती द्यायची त्यातलं, तुला कळत नाही. मी नावं रंगवतो. कोण वर आणि कोण खाली हे माझ्या ब्रशला सगळ्यांत आधी कळतं. ती म्हणाली, ब्रशला कळतं, धन्याला नाही कळत. आणि माझ्या कणसावर तिखट जास्त टाकलं.

जळते. माझ्या शिट्टीमागे अख्खा हॉल उठतो. हिच्या टाळीमागे कोण उठतं?

१५ सप्टेंबर, रविवार. उद्या सोळा, आमचा स्वातंत्र्यदिन, म्हणून आज खास कुस्ती.

हॉल तुडुंब. लोक जिन्यावर उभे. उघड आहे, माझ्या मोहिमेची बातमी पसरली.

आज पुरावाच मिळाला. नोटरी चोर आहे. दोरावर चढला की उडी घेण्याआधी डावा हात कानाला लावतो. ही गाविलानची सवय! पडल्यावर डावा गुडघा चोळतो. तोही गाविलानचाच गुडघा! अरे, एखाद्याची जागा घेतलीस ती घेतलीस, त्याचं दुखणंही घ्यावं?

मी उठून ओरडलो, “नकलाकार! आईचं दूध प्यायला असशील तर गाविलानसमोर उभा राहा!”

आमच्या रांगेतली म्हातारी मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली. चोनाबाईने तोंडात शालीचं टोक कोंबलं. पैलवान पडला होता तिथेच उताणा झोपून राहिला. पोट हलत होतं त्याचं. रडत असावा.

१७ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी.

रात्रभर विचार केला आणि उजाडायच्या आत ब्रश उचलला. उर्बिना साहेबांना विचारलं नाही. मोठ्या कामात विचारायचं नसतं. आखाड्याचा वर्धापनदिन तेरा ऑक्टोबरला. भिंतभर लाल आणि पिवळ्या अक्षरांत लिहून मोकळा झालो:

केस विरुद्ध मुखवटा. गाविलान विरुद्ध नोटरी. हरणाऱ्याचं मुंडण, नाहीतर मुखवटा उतरणार!

आयुष्यात इतकी सुंदर अक्षरं काढली नव्हती.

त्याच दिवशी. दुपारी.

खिडकी उघडायच्या आधी तिकिटाला रांग. उर्बिना साहेब चपला घालून धावत आले, भिंत वाचली आणि पायरीवर बसले. एवढंच म्हणाले, मास्तर, ही कुस्ती लावायची कशी हो?

म्हटलं, अवघड काय आहे? एका कोपऱ्यात एक, दुसऱ्यात दुसरा.

चोनाबाई हसून हसून खाली बसली. म्हणाली, सेले, ही कुस्ती बघायला मी गाडी विकीन. पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलली. मन भरून आलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

गाविलान स्वतः घरी आला. नीट चालत होता. गुडघा बरा दिसला. मी म्हटलं, ये माझ्या वाघा, आव्हान वाचलंस ना? तो खाली बघत बसला.

म्हणाला, मास्तर, चाळिशीतल्या गाविलानला कुणी विचारत नव्हतं. उर्बिना साहेब म्हणाले, यापुढे पहिल्या कुस्तीत पोरांबरोबर उतर, नाहीतर मेहुण्याच्या भट्टीवर जाऊन फरश्या भाज. म्हणून मी मुखवटा मागून घेतला. वर्धापनदिनाला चॅम्पियनच्या पट्ट्याची कुस्ती माझी आहे. आजवर पट्ट्याला हात लागला नाही, तो एकदा लागू द्या. आता तुम्ही मला माझ्याशीच लढायला लावलंय. मी कुठल्या कोपऱ्यातून येऊ?

ओब्दुलिया स्वयंपाकघरातून म्हणाली, दोन्हींतून ये, बाळा, याला कळणार नाही.

त्याने हात जोडले. भिंत पुसा. आणि शिट्ट्या थांबवू नका. तुमच्या शिट्टीने हॉल पेटतो, मास्तर, त्यावरच माझं चाललंय.

नोंद करून ठेवतो: मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी विरोध करत होतो तो वरवरचा, पोराला वर चढवायला. ओब्दुलियाला तसं सांगितलं. ती अंगणात जाऊन हसून आली.

पण ती चोनाबाई! तिने पहिल्याच रविवारी ओळखलं. ओब्दुलियाने ओळखलं. तिकीटवाल्याने ओळखलं. मुखवट्याआड कोण आहे हे ओळखणाऱ्याने बोलायचं नाही, ही आपली रीत. मान्य. पण मला डोळा मारायला काय झालं होतं?

१९ सप्टेंबर, गुरुवार

भिंत पुसली. पांढऱ्या रंगाचे दोन हात. पिवळा अजून आतून दिसतो.

२२ सप्टेंबर, रविवार

संकल्प केला होता: आज अशी शिट्टी मारीन की छत उडेल.

नोटरी आला. मी बोटं तोंडात घातली. हवा आली, शिट्टी आली नाही. त्या काळ्या कापडाआड माझा गाविलान आहे, हे माहीत झाल्यावर ओठच वळेनात. मग पडला तो, गुडघ्यावर. माझ्या तोंडून गेलं, “ऊठ रे बाळा! ऊठ!”

हॉल चूप. रविवारामागून रविवार माझ्याकडे बघून पेटणारा हॉल. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळे. नोटरीने शिक्का काढला तर लोकांनी शाब्बास म्हणून नाव घेतलं त्याचं. तो बिचारा शिक्का हातात धरून उभा, कुणाकडे बघावं कळेना.

चोनाबाई वळली. हसली नाही. म्हणाली, मारलंस रे त्याला.

काहीतरीच. लोकांचं प्रेम मिळवून दिलं. प्रेमाने कुणी मरतं का?

२४ सप्टेंबर, मंगळवार

भिंतीला रंग द्यायला गेलो तर उर्बिना साहेब म्हणाले, थांबा, नाव अजून ठरायचंय. लोकांना आवडणारा दांडगा घेऊन मी काय करू? त्याला हरताना बघायला कोण येणार? वेराक्रूसकडे एक ‘डेंटिस्ट’ आहे, पक्कड घेऊन येतो, पट्ट्याची कुस्ती त्याला द्यावी म्हणतो. पुढचा रविवार बघतो.

डेंटिस्ट! कालचा पोर! माझ्या नोटरीच्या पायाची सर आहे का त्याला?

२९ सप्टेंबर, रविवार

ओठांवर भरवसा नको म्हणून पत्र्याची शिट्टी नेली. वाजली. छान वाजली. फक्त ती कशी कोण जाणे टाळ्यांच्या ठेक्यावर वाजायला लागली आणि हॉल त्या ठेक्यावर नोटरी-नोटरी करायला लागला. शिट्टीत दोष आहे. बाजारातलं सामान हल्ली असंच.

चोनाबाई एकटी घसा ताणून त्याला शिव्या घालत होती. दांडग्यांची जन्माची भक्त, आणि आपल्याच गड्याला शिव्या देत होती. डोळे पुसत पुसत. मला हे करायचं होतं. मला का जमत नाही आणि हिला का जमतं?

२ ऑक्टोबर, बुधवार

गाविलान परत आला. उर्बिना साहेबांनी कुस्ती त्यालाच ठेवलीय, पण हॉल पेटला पाहिजे. पेटला नाही तर हीच शेवटची.

माझा हात धरून म्हणाला, मास्तर, एक मागू? तेराला तुम्ही घरी बसाल?

मी म्हटलं, मी? मी तर तुझा...

म्हणाला, म्हणूनच. तुमची माया मला फार जड जाते, मास्तर.

ओब्दुलियाने त्याला कॉफी दिली. मला दिली नाही. नंतर दिली.

१३ ऑक्टोबर, रविवार. सायंकाळी पाच.

ओब्दुलिया गेली. माझ्या तिकिटावर. ओठांना लाली लावून. आयुष्यात मोठ्याने बोलली नाही ती बाई. तिला सांगितलं, शिट्टी कधी मारायची, बोटं कशी धरायची. म्हणाली, म्हाताऱ्या, तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढली, ओरडायला काही शिकावं लागणार नाही.

मी बागेतल्या झाडाला पाणी घातलं. मग परत घातलं. आखाडा तीन गल्ल्या पलीकडे. इथवर शिट्ट्या ऐकू येतात. काय शिट्ट्या! मग एक मोठा आवाज. मग आणखी मोठा. कशाचा? कुणी काही सांगेल का?

१४ ऑक्टोबर, सोमवार

ओब्दुलियाचा घसा पार बसलाय. एक अक्षर फुटत नाही. मी विचारलं, कोण जिंकलं? तिने हात फिरवले, डोक्यावर काहीतरी उचलल्यासारखं केलं, खाली आपटल्यासारखं केलं. मला काही कळलं नाही. परत विचारलं. परत तेच, जास्त जोरात.

शेवटी चोनाबाईच्या गाडीवर जावं लागलं. मला! तिला विचारायला!

ती सावकाश कणीस सोलत म्हणाली, पट्टा नोटरीचा. शेवटी सगळं हातातून चाललं होतं, तेवढ्यात त्याने खाली बघितलं. पुढच्या रांगेत एकच खुर्ची रिकामी, तुझी. तुझी बायको एकदाही बसली नाही, उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढत होती. त्याने ती खुर्ची उचलली आणि चॅम्पियनच्या पाठीत घातली. हॉलला आग लागली, सेले. तू बसला असतास तर खुर्ची मिळाली नसती.

म्हणजे विजयात माझा वाटा आहेच.

उर्बिना साहेबांनी ओब्दुलियाला दर रविवारी यायला सांगितलंय. फुकट. माझ्याबद्दल विचारलं का, हे मी चोनाबाईला विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं, की नाही विचारलं.

घरी येऊन ओब्दुलियाला मध घालून गरम पाणी दिलं. म्हटलं, कळलं सगळं. जिंकलो आपण. तिने मान हलवली, एक बोट आखाड्याच्या दिशेला केलं, एक स्वतःकडे, आणि हसली. माझ्याकडे करायचं राहून गेलं. घसा बसला की माणसाच्या लक्षात राहत नाही.