तिसऱ्या अंकातली थांबायची जागा

१२ ऑगस्ट, शनिवार
करोल बागेत मंडळाच्या हॉलवर तालीम. पंखा एकच, तोही दामलेकाकांवर रोखलेला. गणपतीत करायचं नाटक त्यांनीच लिहिलंय आणि बसवतायतही तेच. एक शब्द इकडचा तिकडे झाला की तोंड पाडून बसतात.
मी विंगेत, प्रॉम्प्टिंगला. बाबांच्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत घरीच शिकले. त्यांची पद्धत एकच, म्हण, परत म्हण, चुकलीस तर पहिल्यापासून. त्यामुळे सगळ्यांचं सगळं पाठ. चुकायची भीतीही तिथलीच.
नायक मिलिंद. नायिका शुभाताई, दोन मुलांची आई, भूमिका बाविशीची. स्वतःच म्हणाली, "लाइट जरा कमीच ठेवा हं काका."
तिसऱ्या अंकात नायकाचं सामान बांधून तयार असतं. तो तिच्याकडे बघत उभा राहतो आणि म्हणतो, "मी जात नाही." मि. गप्प झाला तशी मी वाक्य सांगून टाकलं. तो विंगेत आला. "वैजू, विसरलो नव्हतो यार. थांबायचंच आहे तिथे. काही झालं तरी सांगू नकोस."
स्क्रिप्टमध्ये त्या जागी पेन्सिलीनं फुली केली. सॉरी म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, नीट म्हटलं नाही.

१५ ऑगस्ट
सुट्टी. मि.बरोबर स्कूटरवरून मयूर विहारला. त्याच्या बाबांनी कधीचा सोसायटीत नंबर लावला होता, आता फ्लॅट उभा राहतोय. दारं नाहीत, जिन्याला कठडा नाही. गच्चीवर मजुरांची पोरं पतंग उडवत होती.
स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "ओटा कुठे हवा?"
मी म्हटलं, खिडकीखाली. भाजी चिरताना बाहेर दिसायला हवं.
"बिल्कुल," म्हणाला, आणि भिंतीवर खडूनं रेघ ओढली.
परतताना सारखं मनात, आपण का सांगितलं? विचारलं म्हणून. पण असं कुणालाही विचारतात का? आईला फ्लॅट बघितला एवढंच सांगितलं. ओट्याचं नाही.

१८ ऑगस्ट, शुक्र.
गुडगावला फील्डवर्क. एम.फिल.साठी जमिनी विकलेल्या गावांत हिंडायचं. बाजरीच्या शेताला लागून काचेच्या इमारतीचा सांगाडा. एका म्हातारीनं ताक दिलं, प्रश्नावली उलटीसुलटी करून बघितली. "तेरा ब्याह हो गया?" नाही म्हटलं. "तो पहले वो कर, ये तो होता रहेगा." गाइडना हे सांगता येणार नाही.
मि.चं नवीन ऑफिस तिथून जवळच. येताना त्याच्या स्कूटरवर. वाटेत दोनदा पेजर वाजला. दोन्ही वेळा बघून खिशात टाकला. कोण ते विचारलं नाही. विचारायचा माझा काय...

२३ ऑगस्ट
मि. तालमीला नाही. पुण्याला गेलाय, घरचं काम. दामलेकाकांनी त्याची वाक्यं मला म्हणायला लावली. "मी जात नाही" म्हणताना शुभाताईला हसू आवरेना, मलाही.

२६ ऑगस्ट, शनि.
मि. परत. सगळ्यांना बाकरवडी. तो बाहेर गेल्यावर शुभाताई हळूच, "अगं, मुलगी बघायला गेला होता. तुला माहीत नाही?"
"आहे ना," म्हटलं.
सरळ खोटं बोलले. बाकरवडी हातात होती, ती खाल्लीही.

२७ ऑगस्ट, रवि.
तालमीनंतर मि. माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला. स्कूटर हातानं ढकलत. आर. के. पुरमची बस लांबून दिसत होती.
"वैजू, तुला एक सांगायचं होतं." हँडलवरचं रबर नखानं सोलत राहिला.
मला ते बघवेना. म्हटलं, "लग्न ठरलं ना? अभिनंदन."
त्यानं वर बघितलं. "हो," म्हणाला. "म्हणजे घरच्यांचं ठरल्यासारखंच आहे."
बस आली. चढले. सीट मिळाली, कशी कुणास ठाऊक.

२८ ऑगस्ट
ठरल्यासारखं म्हणजे ठरलं, की नाही? हेच सांगणार होता, की दुसरं काही? मी वाक्य हातात दिलं आणि त्यानं म्हणून टाकलं. नटाला दुसरं काय करता येतं.
परत विचारावं तर कुठल्या तोंडानं. आई म्हणते, उद्या गणपती, आज तरी नीट जेव.

३ सप्टें., रवि.
प्रयोग झाला. हॉल भरलेला. तिसरा अंक. मि. थांबला.
थांबला तो थांबलाच. समोर कुणीतरी खोकलं. त्यानं विंगेकडे पाहिलं, माझ्याकडे. चेहऱ्यावरून काही कळेना. वाक्य माझ्या ओठांवर होतं, बोट फुलीवर. काही झालं तरी सांगू नकोस.
शेवटी शुभाताईनंच सावरलं. "म्हणजे तू जात नाहीस?"
"नाही," म्हणाला.
टाळ्या पडल्या. दामलेकाका मात्र मला, "वैजू, झोपली होतीस का गं?"
मि. रंग पुसत होता. विचारलं, विसरला होतास?
"वाक्य आठवत होतं. तोंडातून निघेना."
टॉवेल तोंडावर तसाच धरून बसला. शुभाताईची मुलं आत आली म्हणून मी बाहेर आले.

५ सप्टें.
लायब्ररी. एकच पान उघडून संध्याकाळ. बसमधून परतताना रडले, खिडकीकडे तोंड करून. शेजारच्या सरदारजींनी काही न बोलता पेपर उलगडून मध्ये धरला.

१० सप्टें., रवि.
दुपारी फोन. मि., मयूर विहारच्या पीसीओवरून.
"ओटा झाला. खिडकीखाली. तू म्हणालीस तसाच."
"छान," म्हटलं.
"पुण्याची मंडळी पुढच्या रविवारी येतायत फ्लॅट बघायला."
"हं."
"त्याआधी... वैजू, त्या दिवशी बसस्टॉपवर..." आणि गप्प.
आई आतून विचारत होती, कुणाचा गं? रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. सुचत होतं बरंच काही, त्याच्यासाठी सोपं करून देता येईल असं. तोंड घट्ट मिटून घेतलं.
पलीकडे हातोडीचे ठोके ऐकू येत होते. मग कुणीतरी म्हणालं, "भाईसाहब, बात नहीं करनी तो रख दो, पीछे लाइन लगी है."
त्यानं ठेवला नाही. मीही नाही.