कठड्यावरची टोपी

प्रिय मिर्लानदादा,

मॉस्कोत तुझी टॅक्सी बर्फात अडकत असेल. इथे बिश्केकमध्ये कोळशाच्या धुरामुळे दुपारीच दिवे लावावे लागतात. आई बरी आहे. तुझ्या खोलीत मी माझे दिवे आणि कॅमेरे मांडलेत, त्यावरून रोज बोलणी खाते.

प्रदर्शनाचं ठरलंय. जुन्या गुन्हेपटांसारखी, फिल्म न्वार म्हणतात तशी, काळी-पांढरी छायाचित्रं. ओली गल्ली, एकच दिवा, भिंतीवर लांबलेली सावली. नायक मात्र आपला: लांब कोट आणि डोक्यावर आपली पांढरी लोकरी टोपी, कल्पाक. लोक विचारतात, ही परदेशी नक्कल कशाला? मी म्हणते, ज्या शहरात माणूस मरतो आणि मारणारा सापडत नाही, त्या शहराला ही चित्रं परकी कशी? काळोख काय कुणाच्या मालकीचा आहे? आपली जुनी गल्ली पाडण्याविरुद्ध बाबा भर सभेत उभे राहून असेच प्रश्न विचारायचे. ती गल्ली आता निम्मीच उरलीय. उरलेल्या घरांवर लाल फुल्या आहेत, म्हणून माझी घाई.

शेवटचं चित्र असं योजलं होतं: बर्फात पडलेला माणूस, शेजारी त्याची टोपी. शेजारचे तोकोनकाका नायक व्हायला तयार होते, पण टोपीचं ऐकून भडकले. "मला हवं तर मार, पोरी, पण कल्पाक जमिनीवर ठेवायचा नाही!" कशीबशी समजूत घातली. परवा संध्याकाळी ते बर्फात आडवे झाले, मी टोपी शेजारी ठेवली आणि दिवा सरकवू लागले. तेवढ्यात जिपारकाकू चहा घेऊन आल्या. नवरा बर्फात पडलेला, पण त्यांनी आधी टोपी उचलली, झटकली, कठड्यावर ठेवली आणि मग म्हणाल्या, "उठा हो आता! मेल्याचं सोंग तर काम निघालं की रोजच आणता." सगळे हसले. मी मात्र दिवा कठड्यावरच्या टोपीकडे वळवला.

दादा, बाबा याच गल्लीत बर्फात मेलेले सापडले तेव्हा त्यांचा कल्पाक कुठे होता? आठव. आपण दोघंच आधी पोचलो होतो. कठड्यावर होता. कोरडा, सरळ, नीट ठेवलेला. आपल्याला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण आपणही तेच केलं असतं. बाबा घसरून पडले, असं सगळे म्हणाले; पण घसरून पडलेला माणूस टोपी कठड्यावर ठेवत नाही. वाटसरूने ठेवली, म्हणशील? टोपी उचलणारा वाटसरू माणसाला तसाच टाकून, हाकही न मारता जाईल? कोणीतरी बाबांना मरायला सोडलं आणि टोपीचा मान तेवढा राखला. दादा, तो आपल्यातलाच आहे.

प्रदर्शन होवो न होवो. मी पोलिसांकडे जाऊन आले. मोठा मुलगा म्हणून 'मृत्यूबद्दल संशय नाही' अशी सही तेव्हा तू केली होतीस. आई कोसळली होती, बाबांना वेळेत मातीत द्यायचं होतं. मी तुला दोष देत नाही. पण ते म्हणतात, मुलाने स्वतः येऊन ती सही मागे घेतली, तरच चौकशी पुन्हा सुरू होईल. तू इथून का गेलास, ते मला ठाऊक आहे. भीती मलाही वाटते. म्हणूनच हे पत्र. ये.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
बेगिमाय